अमेरिकन विद्यापीठांचें द्वार

गेल्या वर्षीं गुढीपाडव्याच्या सुमारास माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरीं आले. मुलगी मोठी बुद्धिमान. शाळेंत सदैव पहिली, दहावीच्या परीक्षेंत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण, गणितांत तर पैकींच्या पैकीं. तिनें अमेरिकेंतील सहा नामांकित विद्यापीठांकडे अर्ज पाठविले होते, आणि सहाहि ठिकाणांहून नकार आला होता. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. ते म्हणाले, "सर, हिनें याहून अधिक गुण मिळवावयाचे म्हणजे तरी किती? हिचें चुकलें कोठें?" मुलगी कांहींच बोलली नाहीं. ती खालीं मान घालून चहाचा पेला हातांत फिरवीत बसली होती. त्या वेळीं मला समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. पुढें विचार करतां करतां असें वाटूं लागलें कीं, या प्रश्नाचें उत्तर मुलीच्या गुणपत्रिकेंत नसून इतिहासांत आहे. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

परीक्षा या शब्दाचा जो अर्थ आपल्या मनांत रुजला आहे तो आधीं पाहूं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि तेव्हांपासून परीक्षा म्हणजे क्रम व क्रम म्हणजे हक्क, हें समीकरण आपल्या घरोघरीं मान्य झालें. चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व त्यांना संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळाली. पुढें १९१८ सालीं आय. सी. एस.च्या परीक्षेंतहि त्यांनीं पहिला क्रमांक पटकावला. लंडनच्या त्या परीक्षेनें आपल्या लोकांवर अन्याय केले नाहींत असें नाहीं. परंतु उत्तरपत्रिकेवर जितके गुण पडले तितके ती देत असे, आणि जो वर राहिला त्याला मागें लोटणें तिला अवघड जाई. गुणांवरची आपली श्रद्धा अशी अनुभवांतून आलेली आहे. मात्र अमेरिकेच्या विद्यापीठांचें द्वार या किल्लीनें उघडावें अशा बेतानें तें कधीं घडविलेंच गेलें नव्हतें.

आपल्या प्रांतांतून त्या द्वाराशीं प्रथम गेलेली स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांच्याजवळ कोणत्या परीक्षेचें प्रशस्तिपत्र होतें? कोणत्याच नाहीं. गोपाळरावांनीं वाइल्डर नांवाच्या मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र एका अमेरिकन मासिकांत छापलें गेलें, तें न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनांत आलें, आणि त्या दयाळू बाईनें आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनीं जो अर्ज केला तो म्हणजे एक साधें पत्र होतें. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतील असें नाहीं, हें त्यांनीं त्या पत्रांत स्वतःच कबूल केलें. आणि आपल्या देशांतील आजारी स्त्रियांना स्त्रीवैद्याची किती गरज आहे, त्यासाठीं जातीचा व आप्तांचा विरोध सोसून आपण इतक्या दूर आलों आहों, हें लिहिलें. डीन रेचेल बॉड्ली यांनीं त्या पत्रावर त्यांना प्रवेश दिला, आणि तीन वर्षांसाठीं सहाशें डॉलरांची मदतहि मिळाली. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढल्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. ती शोकांतिका आपणां सर्वांना ठाऊक आहे. आजच्या विषयापुरता मुद्दा एवढाच कीं, आपल्या पहिल्या विद्यार्थिनीला अमेरिकेंत प्रवेश मिळाला तो गुणांवर नव्हे. ही व्यक्ति काय करूं इच्छिते व त्यासाठीं तिनें काय सोसलें आहे, एवढें तिच्या पत्रांतून दिसलें, आणि तेवढें पुरेसें मानलें गेलें.

यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभीं आपले तरुण अमेरिकेकडे जाऊं लागले ते बहुतेक पदव्युत्तर अभ्यासासाठीं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत गेले व तेथून डॉक्टरेट घेऊन आले. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९०९ सालीं तेथें असतांनाच प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागून १९१३ च्या जुलैंत न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत भीमराव रामजी आंबेडकर दाखल झाले. मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांना साडेसातशेंपैकीं २८२ गुण होते. गुणांच्या उतरंडीवर त्यांचें नांव शोधावयास गेलों, तर तें वरच्या रांगेंत सांपडावयाचें नाहीं. आणि ज्या मुलाला शाळेंत इतर मुलांपासून दूर बसावें लागे, ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याच्या गुणांचा हिशेब इतरांच्या गुणांशीं तुलना करून मांडणें न्यायाचेंहि नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली. त्या बळावर त्यांनीं कोलंबियांत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय अक्षरशः अधाशासारखे अभ्यासले. १९१५ सालीं ते एम. ए. झाले, आणि १९१६ च्या मे महिन्यांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, भारतांतील जातींविषयींचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनीं तेथील चर्चासत्रांत वाचला. याच विद्यापीठानें १९५२ सालीं त्यांना सन्मान्य डॉक्टरेट अर्पण केली. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. मुंबईच्या पदवीनंतर पुढच्या अभ्यासासाठीं जाणाऱ्याला तें द्वार बरेंच मोकळें होतें. आणि द्वारापर्यंत पोंचण्याचें खरें साधन गुण नसून पैसा होता. बडोद्याचा आश्रय नसता, तर भीमरावांची सारी योग्यता मुंबईच्या चाळींतच राहिली असती.

पदवीपूर्व महाविद्यालयाचें द्वार मात्र निराळें होतें. त्याची कथा समजण्यासाठीं एका गोमंतकीय कुटुंबाकडे वळूं. धर्मानंद कोसंबी यांच्यापाशीं कोणत्याच विद्यापीठाची पदवी नव्हती. बौद्ध धर्माच्या ओढीनें घर सोडून ते काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे हिंडले, पाली भाषेंत पारंगत झाले, आणि 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठीं हार्वर्डनें त्यांना बोलावून घेतलें. १९१८ सालीं ते दुसऱ्यांदां तेथें गेले तेव्हां थोरली कन्या माणिक व दहा-अकरा वर्षांचे दामोदर बरोबर होते. दामोदर तेथल्याच केंब्रिज लॅटिन स्कूलमध्यें शिकले, आणि १९२४ सालीं हार्वर्डनें त्यांना प्रवेशपरीक्षेची अट माफ करून प्रवेश देऊं केला. मध्यंतरीं ते पित्यासह भारतांत येऊन राहिले, १९२६ च्या जानेवारींत परत गेले, आणि १९२९ सालीं सर्वोच्च सन्मानासह पदवीधर झाले. गणिती व इतिहासकार म्हणून त्यांचें पुढील कार्य सुविदित आहे.

१९२४ आणि १९२६ या दोन सालांच्या मध्यें त्या द्वाराचें स्वरूपच पालटलें. तोंवर हार्वर्डची रीत साधी होती. ठरलेल्या विषयांची परीक्षा असे. तींत जो उतरे त्याला बहुधा प्रवेश मिळे. १९२३ नंतर तर आपल्या शाळेच्या पहिल्या सातव्या हिश्शांत येणाऱ्या मुलांना परीक्षेवांचून घेण्याचा नियमहि झाला. या रीतीचा लाभ पूर्व युरोपांतून आलेल्या गरीब यहुदी निर्वासितांच्या मुलांनीं घेतला. तीं मुलें रात्रंदिवस अभ्यास करीत आणि परीक्षांत वर येत. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्यें शंभरांत सात यहुदी होते. १९२२ पर्यंत हें प्रमाण एकवीसांच्या वर गेलें. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना तें रुचेना. यहुद्यांच्या संख्येला उघड मर्यादा घालावी असा त्यांचा आग्रह होता. अध्यापकमंडळानें तो नाकारला. तेव्हां १९२६ सालीं दुसरा मार्ग निघाला. पहिल्या वर्षाचा वर्ग एक हजारांवर थांबवावा, आणि निवड करतांना विद्येबरोबर उमेदवाराचें 'चारित्र्य' व 'योग्यता' पाहावी, असें ठरलें. अर्जासोबत छायाचित्र मागण्यांत येऊं लागलें. उमेदवाराची माहिती, त्याच्या शाळाप्रमुखाचें मत, त्याचे खेळ, त्याचें नेतृत्व, हें सारें तोललें जाऊं लागलें. थोड्याच वर्षांत यहुदी विद्यार्थ्यांचें प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आलें, आणि याला कोठेंहि लेखी आज्ञा लागली नाहीं. गुणाला संख्या असते, म्हणून तो नाकारणाऱ्यास जाब विचारतां येतो. चारित्र्याला संख्या नसते, हीच त्या नव्या पद्धतीची सोय होती.

श्रोतेहो, माझ्या घरीं आलेल्या मुलीनें जो अर्ज भरला, त्याचा मूळपुरुष हा १९२६ चा अर्ज आहे. निबंध, शिफारसपत्रें, मुलाखत, शाळेबाहेरचे उद्योग, यांची परंपरा तेथपर्यंत मागें जाते. परंतु इतिहासाचा न्याय करावयाचा तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तीच ढिली मोजपट्टी पुढें चांगल्या हेतूनेंहि वापरतां आली. १९३४ सालीं अध्यक्ष कॉनंट यांनीं दूरदूरच्या गांवांतील गरीब व हुषार मुलांसाठीं राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या. सॅट ही परीक्षा, जी १९२६ सालीं प्रथम घेण्यांत आली होती, तिचा उपयोग असे विद्यार्थी शोधण्यासाठीं केला. नंतरच्या काळांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आंत घेण्यासाठीं याच पद्धतीचा आधार घेतला गेला. आनंदीबाईंचें पत्र वाचून प्रवेश देणारी बुद्धि आणि छायाचित्र पाहून प्रवेश नाकारणारी बुद्धि, या दोहोंना एकाच अर्जपत्रिकेंत जागा असते. म्हणून तिची सरसकट स्तुति करणें जसें भोळेपणाचें, तसें तिला सरसकट कपट म्हणणेंहि अन्यायाचें होईल.

विद्यापीठाच्या द्वाराआधीं देशाचें द्वारहि लागे. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यानें भारतांतून मजुरांचें येणें बंद केलें, पण विद्यार्थ्यांस वगळलें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें भारतीयांना नागरिकत्व मिळूं शकत नाहीं असा निर्णय दिला. म्हणजे शिकावें व परत जावें, एवढीच मुभा राहिली. १९४६ सालीं वर्षाला शंभर भारतीयांना कायमचा प्रवेश मोकळा झाला, आणि १९६५ च्या कायद्यानें राष्ट्रवार बंधनें उठलीं. तेव्हां एक नवा राजमार्ग तयार झाला. येथील उत्तम संस्थांतून पदवी घ्यावी, आणि तेथें पदव्युत्तर अभ्यासास जावें. पवईची तंत्रविद्या संस्था १९५८ सालीं सुरू झाली. कानपूरच्या संस्थेस १९६२ पासून दहा वर्षें अमेरिकेच्या नऊ विद्यापीठांचें साह्य होतें. या संस्थांच्या पदवीधरांना तेथील प्राध्यापक ओळखूं लागले. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याकडून अध्यापनाचें वा संशोधनाचें काम घेऊन त्याची फी माफ करावी व निर्वाहापुरतें वेतन द्यावें, अशी तेथील चाल असल्यामुळें सामान्य घरांतील मुलेंहि जाऊं शकलीं. भीमरावांना बडोद्यानें जें दिलें, तें यांना प्रयोगशाळेनें दिलें.

आतां आजच्या संधीचा हिशेब करूं. २०२३-२४ या वर्षीं अमेरिकेंत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थ्यांची नोंद झाली. सर्व देशांत आपला क्रमांक त्या वर्षीं पहिला होता. परंतु त्यांपैकीं १ लाख ९६ हजारांहून अधिक पदव्युत्तर होते, आणि पदवीपूर्व केवळ ३६ हजारांच्या आसपास. उरलेले शिक्षण संपवून अनुभवासाठीं काम करणारे होते. हीं संख्याहि सर्व विद्यापीठांची आहे, केवळ नामांकितांची नव्हे. हार्वर्डकडे २०२४ सालीं पदवीपूर्व वर्गासाठीं ५४ हजार ८ अर्ज आले व १,९३७ जणांना प्रवेश देऊं केला गेला, म्हणजे शंभरांत चारांहूनहि कमी. आलेल्या वर्गांत परदेशी विद्यार्थी सुमारें सहाव्या हिश्शाइतके, आणि ते साऱ्या जगांतून. एम. आय. टी. या संस्थेंत तर परदेशी अर्जदारांपैकीं शंभरांत दोघांनाच जागा मिळते. जेथें येणाऱ्यांतील बहुसंख्य आपापल्या शाळेंतील पहिलेच असतात, तेथें पहिलेपणा ही विशेष ओळख कशी ठरणार? तो केवळ रांगेंत उभें राहण्याचा परवाना होतो.

त्यांत पैशाची गोष्ट निराळीच. हार्वर्डचा वर्षाचा एकूण खर्च ऐंशी हजार डॉलरांहून अधिक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. यांसारखीं मोजकींच विद्यापीठें परदेशी मुलाची निवड करतांना त्याची ऐपत पाहात नाहींत, आणि निवडलेल्यास लागेल तितकें साह्य देतात. इतर बहुतेक ठिकाणीं साह्य मागितलें कीं प्रवेशाची आशा कमी होते. गुणी व गरीब मुलाला जगांतील सर्वांत कठीण चार-दोन द्वारेंच तेवढीं खरीं मोकळीं आहेत, ही मोठी विचित्र परंतु सत्य अशी स्थिति आहे. पदव्युत्तर अभ्यासांतहि डॉक्टरेटला वेतन मिळतें, एम. एस.ला बहुधा मिळत नाहीं. तेथें घर गहाण ठेवून कर्ज काढणारीं कुटुंबें आपल्या अवतीभोंवतीं पुष्कळ आहेत.

शिवाय या रांगेंत सर्वांची जागा सारखी नसते. हार्वर्डवर २०१४ सालीं एक दावा दाखल झाला, तो अमेरिकेंतील आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या वतीनें. परदेशी विद्यार्थ्यांचा प्रश्न त्यांत नव्हता. पण त्या निमित्तानें निवडीचे कागद जगापुढें आले. विद्येच्या बाबतींत वर असलेल्या आशियाई उमेदवारांस 'व्यक्तिमत्त्वा'च्या सदरांत सरासरीनें कमी दर्जा दिला गेल्याचें दिसलें. माजी विद्यार्थ्यांचीं मुलें, खेळाडू, देणगीदारांचे आप्त व अध्यापकांचीं मुलें यांना मिळणारें झुकतें मापहि उघड झालें; प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकीं ४३ टक्क्यांहून अधिक या गटांतले होते. खालच्या न्यायालयानें २०१९ सालीं विद्यापीठाच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२३ रोजीं निवडींत वंशाचा विचार करणें अवैध ठरविलें. परंतु 'व्यक्ति पाहून निवडणें' ही मूळ पद्धति त्या निकालानंतरहि कायम राहिली. दुसरीकडे, महामारीच्या काळांत ऐच्छिक झालेली सॅट परीक्षा एम. आय. टी.नें २०२२ सालीं व हार्वर्डनें २०२४ सालीं पुन्हां आवश्यक केली. शंभर वर्षें हा लंबक असाच हेलकावे घेत आहे. गुणांकडून व्यक्तीकडे, आणि व्यक्तीकडून पुन्हां गुणांकडे.

मग त्या मुलीला काय सांगावें? प्रथम हें कीं, तिचें कांहीं चुकलें नाहीं. ज्या निवडींत शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना परत पाठवावेंच लागतें, तेथील नकार हा कोणाच्या योग्यतेवरचा निकाल होऊं शकत नाहीं. दुसरें, त्या द्वारावर विचारला जाणारा प्रश्न 'तूं कितवी आलीस' हा नसून 'तूं आपण होऊन काय केलेंस, आणि कशासाठीं' हा आहे. तो विचारण्यामागचा हेतु इतिहासांत नेहमींच शुद्ध होता असें नाहीं. तरी प्रश्न वाईट नाहीं. शाळेनें नेमून दिलेल्या पुस्तकाबाहेर जाऊन गणिताचा नाद लावून घेणारें मूल, आपल्या गांवच्या विहिरींचें पाणी वर्षभर मोजणारें मूल, अशा मुलापाशीं त्याचें उत्तर असतें. आणि प्रवेश मिळो न मिळो, तें उत्तर त्याच्या पदरीं राहतें. मात्र अर्जासाठीं म्हणून रचलेला समाजसेवेचा देखावा वाचणाऱ्याला ओळखूं येतो, आणि करणाऱ्याला तर तो आधींपासून ठाऊकच असतो. तिसरें, तें द्वार एकदांच उघडतें असें नाहीं. आपल्या लोकांपैकीं फार मोठा भाग त्या विद्यापीठांत पोंचला तो अठराव्या वर्षीं नव्हे, तर येथील पदवी घेऊन बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं. भीमराव कोलंबियाच्या पायऱ्या चढले तेव्हां ते बावीस वर्षांचे होते.

आणि आईबापांसाठीं एक शब्द. परक्या देशाचें द्वार कधीं विद्यापीठ लावतें, कधीं सरकार. २०२५ च्या मे महिन्यांत तेथील सरकारनें हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा आदेश काढला, आणि दुसऱ्याच दिवशीं न्यायालयानें त्याला स्थगिति दिली. त्या एका दिवसांत कित्येक घरांत चूल पेटली नसेल. ज्या संधीचा दोर इतक्या हातांत असतो, तिच्यावर मुलाचें सारें मोल टांगूं नये, एवढेंच मला सुचवावयाचें आहे.

त्या मुलीनें पुण्याच्या एका महाविद्यालयांत गणित घेतलें आहे. मागच्या महिन्यांत ती पुन्हां घरीं आली होती. या खेपेस मान वर होती. येतांना तिनें एक वही आणली होती. एका प्रमेयाची तिची स्वतःची सिद्धता तींत होती. ती बरोबर आहे कीं नाहीं हें सांगण्याइतकें गणित मला येत नाहीं. पण ती वही कोणीं मागितली नव्हती, एवढें मला कळलें.